जादूगारीण ठकूबाई

"दादा, मला जादूगार मिळेल का?"

श्रुतिकाने हे विचारलं तेव्हा महाडच्या त्या माडीवरच्या खोलीत चार मुलगे फासे खुळखुळवत बसले होते, आणि दारापाशी सुप्रिया नि पूनम ओढणीत हसू दाबत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. पोलादपूरला एसटीत बसल्यापासून दोघी तिला डिवचत होत्या, की तू आजही नुसती बघत बसणार, तोंड उघडायची नाहीस. तीन रविवार तसंच झालं होतं खरं.

खोली नीलेशदादाची. मुंबईची नोकरी घरून करणारा हा दादा रविवारी दुपारी शाळेतल्या पोरांना एक खेळ खेळवायचा. तो गोष्ट सांगणार, प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं, आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. श्रुतिका पहिल्याच दिवशी वेडी झाली होती. पण रविवारी घरच्या शेळ्या तिच्याकडे असायच्या. काहीबाही कारणं सांगून तिने तीन रविवार सोडवून घेतले, आजचं चौथं कारण तर फारच लंगडं होतं. खेळात खुर्ची मिळाली तरच घरी खरं बोलण्यात अर्थ होता.

जादूगार कुणालाच नको होता. अंगावर चिलखत नाही, एका घावात खलास, मंत्र दिवसाला चारच. आजोबांचं नाव मिरवणाऱ्या महिपतीने तीन रविवारांत तीन जादूगार मारून दाखवले होते. समोर काही हललं की आगीचा गोळा फेकायचा, मग मोकळ्या हातांनी मार खायचा, ही त्याची रीत. आता तो तलवारवाला झाला होता.

"घे की," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांत मरशील. मग सगळ्यांना चहा आण."

नीलेशदादाने अट घातली. जादूगार आज शेवटपर्यंत जगला तर ती खुर्ची मे महिन्यापर्यंत श्रुतिकाची. मेला तर खुर्ची दुसऱ्याला, कारण खेळायला येणारे आणखी दोघं रांगेत होते. जादूगाराचं नाव काय, असं त्याने विचारलं.

"ठकूबाई."

पोरं टेबलावर पडून हसली. आपल्या म्होरक्या शेळीचं नाव ठकी आहे, हे तिने सांगितलं नाही.

गोष्टीत एक घाट होता. वीस लांडगातोंडे सैनिक उतारावरून पांगून खाली येत होते. उजवीकडे मोकळा माळ, डावीकडे कड्याच्या कडेने जाणारी एकच पायवाट. आंबेनळी घाटाच्या वळणांवर लहानाची मोठी झालेल्या श्रुतिकाला तो उतार डोळ्यांपुढे लख्ख दिसला.

"गोळा टाक," महिपती म्हणाला. बाकीचेही तेच ओरडायला लागले.

तिने आपले चार मंत्र पाहिले. आगीचा गोळा, धुकं, निसरडी जमीन, आणि आवाज. पांगलेल्या टोळीवर गोळा टाकला तर मरणार तीन, अंगावर येणार सतरा. तिला नाचणीच्या शेताकडे सुटलेला कळप आठवला. त्यांच्या वाडीत शेळ्यांमागे कुणी धावत नाही. धावलं की त्या चौफेर उधळतात. बाजूच्या दगडावर चढायचं नि म्होरकीच्या पुढ्यात एक खडा टाकायचा. शेळीला तो लागायचा नसतो. ती वळली की सगळ्या वळतात.

"मी मागच्या उंच खडकावर चढते," ती म्हणाली, "आणि माळावर धुकं सोडते."

महिपतीने कपाळाला हात लावला. समोर शत्रू, आणि ही बया रिकाम्या माळावर मंत्र घालवतेय. पण पुढचं बोलताना नीलेशदादाचा आवाज बदलला. काही दिसत नाही अशा जागेत टोळी शिरेना. ती डावीकडे वळली, पायवाटेवर, एकामागे एक. श्रुतिकाने पुढच्या सैनिकाच्या चार हात पुढे जमीन निसरडी केली. तो घसरला, मागचा त्याच्यावर, त्याच्या मागचा त्याच्यावर. वीसच्या वीस एका जागी गोळा झाले.

"महिपती, दोन पावलं मागं ये रे," ती म्हणाली. "आता गोळा."

महिपतीने निमूटपणे टेबलावरची आपली सोंगटी मागे घेतली. गोळ्याचा मार मोजायला आठ फासे लागत होते, तिच्याकडे दोन होते. प्रत्येकाने आपापले तिच्यापुढे सरकवले. तिने ओंजळीने टाकले, आणि पायवाटेवर राख उरली.

फक्त त्यांचा सरदार वाचला. धुरातून निघाला तो थेट खडकावर, ठकूबाईच्या पुढ्यात, तलवार उगारून. श्रुतिकाकडे एकच मंत्र शिल्लक होता, ज्याला पोरं बिनकामाचा म्हणायची.

"आवाज," ती म्हणाली. "त्याच्या मागून."

"कसला आवाज?"

तीन रविवार या खोलीत आपल्या तोंडून वाडीवरचं एखादं 'हाय' नाहीतर 'नाय' निसटू नये म्हणून जपणाऱ्या श्रुतिकाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आई हरवलेल्या करडासारखी बेंबाटली. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

लांडग्याला मोह आवरतो का हे बघायला नीलेशदादाने फासा टाकला. पडले चार. "सरदाराने मान वळवली," तो म्हणाला, आणि महिपतीने उठून उभं राहत तलवार घातली. त्याला पडले एकोणीस.

गलका शमल्यावर महिपतीने विचारलं, "हे शिकलीस कुठं?"

"शेळ्यांत. ठकूबाई आमची शेळीच हाय."

पुन्हा सगळे हसले, पण आता तीही हसत होती. चहा आणायला महिपती स्वतःच उठला.

परतीच्या एसटीत पूनम नि सुप्रिया पोलादपूर येईपर्यंत बें बें करत होत्या. श्रुतिका चढण चढून वाडीवर पोचली तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून डोंगरमाथ्यावर होतं. बाबा गोठ्यात शेळ्या बांधत होते, आई पाल्याची मोळी सोडत होती. बाबांनी मान वर न करता विचारलं, की आज कुठल्या मैत्रिणीकडे कुठली वही राहिली होती.

श्रुतिका गोठ्याबाहेरच्या दगडावर चढून उभी राहिली.

"बाबा, रविवारी सकाळी सहाला शेळ्या मी सोडीन. साडेदहाला पोटभर चारून परत आणीन. तुम्ही उठू पण नका."

बाबांच्या हातातलं दावं थांबलं. आईने वळून बघितलं. ठकीनेही.

"आणि दुपारी मी म्हाडला जानार. दर रविवारी. तिथं मी जादूगारीण हाय."