अमरावतीची झडप

दर्यापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात मी बोर्डावर बसायचे, तेव्हा माझा एकच नियम होता: आपणहून कुणाला विचारायला जायचं नाही. गावात कुणी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची पितळी झडप टक्कन पडायची. ती पडली की तिकडे बघायचं, तोवर गप्प बसायचं. सगळ्या गावाची वाट एकटीनं बघायची तर दुसरा उपाय नाही.

पण हे धर्मपालला कोण सांगणार? तो कापसाच्या जिनिंग कारखान्यातला कारकून. बायको भागीरथा अमरावतीच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. मागच्या खेपेचं बाळ गेलं होतं, आणि या खेपेला डॉक्टरांनी तिचीही खात्री दिली नव्हती. सासू पंचफुलाबाई तिथून फोन करणार होत्या. सकाळपासून या गड्यानं माझा पिट्ट्या पाडला.

"बेबीताई, अमरावती आली काय?"

"आली की मीच घंटी देईन."

"लाईन तं चालू हाये ना?"

"तुमी बोलून राहिले, म्हंजे चालूच हाये!"

जरा वेळ गेला की पुन्हा टक्, पुन्हा तेच. त्याच्यासाठी जीव तुटत होता हो, पण डोकंही फिरलं. शेवटी म्हटलं, "धर्मपालभाऊ, आता हँडल फिरवलं तं तुमची लाईनच काढून ठेवीन!"

त्यानंतर जिनिंगची झडप पडली नाही. बरं वाटायला हवं होतं, पण मलाच चैन पडेना. काम सोडून मी त्या न पडणाऱ्या झडपेकडे बघत बसले. माझा नियम गेला चुलीत.

दुपारी अमरावतीची झडप पडली. दवाखान्यातून धर्मपालला फोन! मी जिनिंगला घंटी दिली. देतच राहिले. कुणी उचलेना.

"नसन कोणी, तं रद्द करू काय?" अमरावतीची ऑपरेटर म्हणाली.

"खबरदार!" मी ओरडले, आणि सहज खिडकीबाहेर नजर गेली. धर्मपाल आमच्याच ओट्यावर बसला होता, खांबावरच्या तारेकडे टक लावून.

"अहो, तुमी इथं काहून?"

"फोन इथूनच तं येते ना, ताई? म्हटलं, जवळ बसाव."

"आत या आधी!"

तो धावत आला आणि दारावरच्या 'प्रवेश बंद'च्या पाटीपाशी अडला. शेवटी कारकूनच तो! मी बाही धरून त्याला आत ओढलं, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला.

"भागीरथा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पंचफुलाबाई इतक्या ओरडून बोलत होत्या की मलाही ऐकू आलं.

"दोघीबी हायेत, जावईबापू. दोघीबी."

तो हेडफोन दोन्ही हातांनी धरून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि मलाही रडू आलं. मागे बोर्डावर टक्, टक् झडपा पडत होत्या. कचेरी असेल, कापसाचे दलाल असतील. नोकरीत पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.