वरातीची घोडी आणि ऊस

चंद्रभानजींनी एका जुन्या चित्रावरून घोड्याने ओढायचं ऊसकापणीचं यंत्र बनवलं, तेव्हा रोहण्यात घोडी एकच होती, तीही वरातीची. बँड वाजल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे, म्हणून त्यांनी बँडही बोलावला. घोडी उसात मनसोक्त नाचली, ऊस उभाच राहिला आणि गावाची वर्षभराच्या हसण्याची सोय झाली. यंत्र खरंच चालतं का, हे त्यांच्या मुलीला, मोहिनीलाही कधी कळलं नाही.

चंद्रभानजींच्या तेरवीला तेव्हा हसणारे सगळेच जेवायला आले. मधुकरकाका लाडू मोडत म्हणाले, "लय मोठा माणूस होता. ते यंत्र पंचायतीसमोर ठेवू बेटा, त्याच्या नावाची पाटी लावू."

"न्या ना. घोडी तेवढी नाई," मोहिनी म्हणाली.

"आमी काय मेलो का?" काका बोलून गेले.

सहा जणांनी यंत्राचे दांडे धरले. त्यांना बँड लागला नाही, जेवण पुरलं. शेताच्या धुऱ्याजवळून जाताना पातं उसात शिरलं आणि चार ऊस आडवे झाले. कोणी हसलं नाही.

मोहिनीने वाकून बुडखा चाचपला. अगदी जमिनीलगत कापला होता. साखर बुडाशी असते, बाबा सांगायचे.

"थांबा काका," ती म्हणाली. "अजून अख्खी ओळ बाकी आहे."