एकाच अंगणातला जामीन

ओळख करून देते. मी काठी, सापगावच्या चिमाबाईची. म्हसा गावच्या जत्रेत तिच्या मुलाने, रूपेशने, मला निवडलं. बैल बघायला गेलेला माणूस आईसाठी काठी घेऊन आला, म्हणून ती कितीतरी दिवस हसत होती. तेव्हापासून शेतावर, बाजारात, विहारात मी तिच्याबरोबर असते. माणसं काठीशी बोलत नाहीत, पण त्यांच्या मुठीतून मला सगळं कळतं.

यंदा भात झोडायच्या दिवसांत आमच्या घरावर संकट आलं. चिमाबाई आणि तिची धाकटी जाऊ बाईजा, दोघींच्या घरांना अंगण एकच. तिथे भारे कुणी टाकायचे यावरून बाईजाचा मुलगा मुकेश आणि रूपेश यांची जुंपली, आणि मुकेशने हातातलं फावडं रूपेशच्या डोक्यात घातलं. रूपेश वाचला, पण एका कानाने ऐकू येणं बंद झालं. मुकेशला पोलिसांनी नेलं.

पुढे त्याच्या जामिनाचा अर्ज शहापूरच्या कोर्टात आला. चिमाबाईलाही बोलावणं आलं. निघताना तिचा भाऊ जयराम म्हणाला, "ताय, विचारलं तर सांग, मारून टाकीन असं तो आधीपासून बोलायचा. नायतर सुटल तो."

ती मला घेऊन निघाली. वाटभर तिची मूठ घामेजलेली होती.

व्हरांड्यात एकच बाकडं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला बाईजा. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. बाईजाने पाणी पिऊन बाटली मध्ये ठेवली. चिमाबाईने तिला हात लावला नाही.

आत सरकारी वकील म्हणाले, आरोपी त्याच अंगणात परत जाईल, साक्षीदारांवर दबाव आणेल. मुकेशच्या वकिलांनी सांगितलं, फावडं जप्त झालंय, जबाब झालेत, मागे एकही गुन्हा नाही, घरदार इथलंच, पळून जाईल कुठे? न्यायाधीश मॅडमनी पोलिसांना विचारलं, याला आत ठेवून तपासात आणखी काय मिळणार आहे? तपास संपत आलाय, असं ते म्हणाले.

मला वाटलं होतं, कोण दोषी ते आज ठरेल. ते कुणी विचारतच नव्हतं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत याला बाहेर ठेवलं तर काय बिघडेल, एवढंच चाललं होतं.

मग मॅडमनी चिमाबाईकडे पाहिलं. "आजी, याने आधी कधी धमकी दिली होती?"

ती उठली. सगळा भार माझ्यावर आला. मागे जयराम बसला होता.

"नाय, साहेब," ती म्हणाली. "आधी कधी नाय बोलला. पण आमचं अंगण एकच हाय. तो घरी आला तर आमी दार उघडायचं कसं?"

मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. जामीन दिला. पण साक्षी होईपर्यंत मुकेशने सापगावात पाऊल टाकायचं नाही, भातसानगरला बहिणीकडे राहायचं, पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, रूपेशच्या घरी फोनसुद्धा करायचा नाही. यातलं काही मोडलं तर जामीन रद्द. "तू निर्दोष सुटलेला नाहीस," त्यांनी मुकेशला बजावलं.

येताना एसटीत जयराम तिला सोडून मागच्या बाकावर जाऊन बसला. रूपेश घरी म्हणाला, "आये, तुझ्या एका शब्दावर तो आत रायला असता."

"तो बोललाच नव्हता रे," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

आता अंधार पडला की ती मला दाराला आतून आडवी लावते. भातसानगर काही फार लांब नाही. कुत्रं भुंकलं की ती माझ्यावर हात ठेवून बसते. तो हात गार असतो.

काल दिवेलागणीला कडी वाजली. "मी गो बाय, बाईजा."

"एकलीच हायस?"

"एकलीच."

चिमाबाई दाराशी थांबून राहिली. मग तिने मला काढलं. दोघी उंबऱ्यावर बसल्या, भाताबद्दल चार शब्द बोलल्या. बाईजा गेली, आणि मी पुन्हा दाराला लागले.

साक्षी कधी होतील, कुणालाच ठाऊक नाही. ज्यांच्या हातात तारखा आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, जरा लवकर करा. मी चालायची काठी आहे.