एका दिवसापुरतं

"अम्मा, हे कुणासाठी?"

पाटावर कोरं धोतर-उपरणं ठेवलं होतं, त्यावर नवं जानवं. भार्गवी उंबऱ्यातच थबकली.

बोम्मसंद्राच्या पंप कारखान्यात रजा टाकून ती चामराजपेटला माहेरी आली होती. आज अप्पांचं श्राद्ध. गेली नऊ वर्षं या दिवशी तिला बोलावणं नसायचं. "उद्या ये," असा निरोप असायचा. यंदा मात्र अम्माने स्वतः फोन केला होता. "तुझ्याशिवाय होत नाही बघ, भार्गवी." तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. लेकीच्या हातची खीर अप्पांना पोचणार होती.

"तुझ्यासाठीच," वसुमतीबाई म्हणाल्या. "श्रीवत्सचा पाय मोडलाय. पिंड कोण ठेवणार? थोरला मुलगा येतोय म्हणून सांगितलंय आचार्यांना."

"मुलगा?"

"हळू बोल! एका दिवसापुरतं गं. केस स्वल्प उपरण्याखाली घे. संकल्पाला योगीराज म्हणायचं. संध्याकाळी तुझी साडी आहेच की."

योगीराज. ऑपरेशन झालं, कागद बदलले, तेव्हाच तिने टाकून दिलेलं जुनं नाव. त्या दिवसांत याच अम्माने आपल्या हिरव्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या होत्या आणि शेजारच्या भाग्यलक्ष्मीला सांगितलं होतं, "ही माझी थोरली."

धाकटा भाऊ श्रीवत्स प्लास्टरातला पाय उशीवर टाकून कॉटवर पडला होता.

"श्री, तुला ठाऊक होतं?"

"अक्का..." तो म्हणाला, आणि त्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

"अम्मा, मी बसते पिंडाला. पण अशीच, साडीत. मुलगी म्हणून."

"त्यांना पोचायला हवं ना ते! देवाने घडवलेलं तुझ्या कागदांनी बदलतं होय? आम्ही नऊ वर्षं चालवून घेतलं, तुला एक दिवस होत नाही?"

चालवून घेतलं.

"म्हणजे बांगड्या घातल्यास, थोरली म्हणालीस, तेही?"

वसुमतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "विषाची बाटली सापडली होती तुझ्या कपाटात. पोर जगावं म्हणून म्हणाले मी. आणखी काय करायचं होतं आईनं?"



तेवढ्यात हयवदन आचार्य दारात पाय धुऊन आत आले. "थोरले चिरंजीव आले का?"

"चिरंजीव नाहीत, आचार्य," भार्गवी म्हणाली. "मी मुलगी आहे. बसवाल मला?"

आचार्य गोंधळले. त्यांनी वसुमतीबाईंकडे पाहिलं. 'थोरली' या एका शब्दाची भार्गवी वाट पाहत राहिली.

"येतोय तो," वसुमतीबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "वाटेत आहे."

भार्गवीने चपला घातल्या. जिना उतरताना मागून कुणी हाक मारली नाही.

बसमध्ये बायकांच्या बाजूला गर्दी होती. भार्गवी कशीबशी एका बाकावर टेकली. कंडक्टरने आधार कार्डावर ओझरती नजर टाकली, बायकांचं बिनपैशाचं तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं आणि तो पुढे सरकला. मोगऱ्याची पाटी घेऊन चढलेली एक म्हातारी तिच्यापाशी येऊन उभी राहिली.

"स्वल्प जागा दे गं, अक्का."

भार्गवी खिडकीकडे सरकली. म्हातारी तिला खेटून बसली, आणि तिने पाटी निम्मी भार्गवीच्या मांडीवर टेकवून डोळे मिटून घेतले.