मास्तरांचा वरचा सा

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत, लॉऱ्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या शेडला लागून राजपाल आणि पंचशीला या नवराबायकोचा पितळी वाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर दोन लेथ, एक भट्टी आणि हाताखाली दोन कामगार. आलेल्या माणसाला बसायला धड खुर्चीसुद्धा नाही. एक स्टूल आहे, पण त्यावर ज्ञानोबा मास्तरांशिवाय दुसरं कुणी टेकलं की राजपालच्या कपाळाला आठी पडते.

मास्तर म्हणजे ट्रंपेट. चाळीस वर्षं त्यांनी बिदरपासून उदगीरपर्यंतच्या वराती आणि मिरवणुका गाजवल्या. सनईवाला एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो, तसं ट्रंपेटवर करून दाखवायचं खूळ त्यांच्या डोक्यात होतं आणि बाजारातलं वाद्य त्यांना ते करू देत नव्हतं. मग राजपालनं नळ्या वाकवायच्या, आयटीआयतून टर्नर झालेल्या पंचशीलानं ओठाला लावायचे माउथपीस कातायचे, मास्तरांनी वाजवून नावं ठेवायची, की पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षं हा खेळ चालला. शेवटी असं वाद्य तयार झालं की ओठ जरा सैल सोडला की सूर वाकावा आणि आवळला की सरळ व्हावा. बँडवाले पत्ता विचारत यायला लागले. तेव्हापासून नियमच पडला, मास्तरांनी फुंकून ‘पास’ म्हटल्याशिवाय एकही वाद्य शेडबाहेर जायचं नाही.

माशी शिंकली ती दोन वर्षांपूर्वी. मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं मिरवणुका बंद केल्या आणि ते रोज सकाळी दहाला शेडमध्ये येऊन बसायला लागले. एकदा म्हणाले, “वरचा सा चढलाय. उतरव.” पंचशीलानं मोबाइलवर सूर तपासला. काटा अगदी बरोबर जागेवर होता.

“मास्तर, मशीन तर बरोबर दाखवायलंय.”

“मग मशीनलाच फुंकायला सांग की.”

सगळे हसले, तीही हसली. त्यांच्या म्हणण्यासारखा नवा माउथपीस कातला, मास्तर ‘पास’ म्हणाले. आठ दिवसांत ते वाद्य परत आलं, वरचे सूर पडतात म्हणून. तेव्हा पंचशीलाच्या लक्षात आलं. खालच्या सुरांना मास्तरांचा कान अजून खणखणीत होता, पण वरचे सूर त्यांना आहेत त्याहून चढे ऐकू येत होते. वय झालं की डोळ्यांचं होतं तसं कानांचंही होतं, फक्त त्याला चष्मा मिळत नाही.

ती विमलबाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे गेली. विमलबाई ज्वारी पाखडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं सूप थांबलं.

“मला घरात कळतंय माय ते. पर तू त्यांना सांगू नको. पोरं विचारंनात, बँडवाले बोलवंनात. तुमचं ते एकच ठिकाण ऱ्हायलंय, जिथं त्यांना कुणी कायतर विचारतंय.”

पंचशीलानं सोपी वाट काढली. प्रत्येक वाद्याला दोन माउथपीस कातायचे. एक मास्तरांच्या कानाचा. तो लावून त्यांनी वाजवायचं, ‘पास’ म्हणायचं. ते जेवायला घरी गेले की तो काढायचा, खऱ्या सुराचा बसवायचा आणि डबा बंद करायचा. काढलेले सगळे भट्टीत वितळवून टाकायचे. महिना दोन महिने करू म्हणून सुरू केलेलं काम दोन वर्षं चाललं. रोज सकाळी मास्तरांची सायकल दिसली की ती घाईनं त्यांच्या कानाचा माउथपीस चढवायची. माणसाचा मान राखायला एक खोटं बोलावं आणि मग त्या खोट्याच्या घरात आपणच कोंडून पडावं, अशी तिची गत झाली होती. दार तिनंच लावलं होतं, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

आणि यंदा मार्चमध्ये मास्तर नाचतच आले. डॉक्टरनं मिरवणुकीत फुंकायला परवानगी दिली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला चौकात पहिली सलामी मास्तरांनी द्यायची, एकट्यानं, असं कमिटीनं ठरवलं होतं. भालकी, औराद, चिटगुप्प्याचे बँड समोर उभे असणार होते.

“माझ्यासाठी नवीन बाजा कर पंचशीला. असा कर की लोकांनी तोंडात बोट घालावं!”

नुसता माउथपीस बदलून इथं भागणार नव्हतं. वाद्य कितीही खरं असलं तरी वाजवणारा ओठानं सूर आपल्या कानाजवळ ओढतोच, आणि ओठाला ओढता यावं म्हणून तर यांनी सहा वर्षं घासली होती. सगळ्या तालुक्यांसमोर मास्तरांचा वरचा सा पडणार होता. तिनं राजपालला विचारलं. राजपाल म्हणाला, “तुलाच कळतंय त्यातलं, तू बघ की कायतरी,” आणि पितळेचे पत्रे आणायला म्हणून चक्क हैदराबादला निघून गेला. नवऱ्यांना अशा वेळी बरी कामं सुचतात.

तिनं बघितलं. माउथपीसचं भोक बारीक केलं, ओठ टेकतो ती वाटी उथळ केली, पुढची नळीही अरुंद घेतली. आता ओठ काहीही करो, सूर एकदा लागला की जागचा हलणार नव्हता. सहा वर्षांत तिघांनी मिळून जे मोकळं केलं होतं, ते तिनं चार दिवसांत एकटीनं बंद केलं.

मास्तरांनी वाजवून बघितलं आणि वाद्य खाली घेतलं. “ह्ये मला हलूच देईना गं. आन् वरचा सा चढाच हाय.”

“नवीन हाय मास्तर. वाजवून वाजवून मोकळा व्हईल. आन् उघड्यावर सूर बसतंय बराबर.”

“असं म्हणतीस? बरं मग.” त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांनी भांडायला हवं होतं. तिच्या शब्दावर त्यांनी असा विश्वास टाकलेला तिला सोसवला नाही.

जयंतीला चौक तुडुंब भरला होता. मास्तर पांढरा सफारी घालून उभे राहिले आणि वरचा सा असा लागला की कुठं बोट ठेवायला जागा नाही. टाळ्या, शिट्ट्या, निळा गुलाल. गर्दीत उभ्या पंचशीलाला मात्र दिसत होतं, मास्तर ओठ सैल सोडतायत, मान तिरकी करतायत, आणि सूर ढिम्म हलत नाहीये. खाली उतरायचा तेव्हा पायरीवरून घसरल्यासारखा धपकन पडत होता. लोक म्हणाले, मास्तर अजून तसेच आहेत. दोन बँडवाल्यांनी तर राजपालला तिथंच गाठून सांगितलं, असलाच बाजा आम्हाला द्या, नव्या पोरांचा सूर हलणार नाही. राजपाल खूश होता. पंचशीलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले आणि स्टुलावर न बसता उभेच राहिले. ट्रंपेट त्यांनी लेथच्या कडेला ठेवलं.

“सहा वर्षं आपुन सूर मोकळा करायला घालवली. काल ह्ये मला धरून बसलं होतं. मी वाकवायलो, तर वाकंना. कामून केलीस असं?”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. उन्हानं पितळ तापतं, नळी ताठरते, असलं काहीतरी. दोन वर्षांत तिला अशी उत्तरं चांगली जमायला लागली होती. पण मास्तरांच्या वरच्या ओठावर माउथपीसचा लाल वण उमटलेला होता. सूर वाकवायला त्यांनी किती जोर लावला असेल ते तिला त्यावरून कळलं आणि तिला रडूच कोसळलं.

“मास्तर, तुमच्या कानाला वरचं सूर चढं ऐकू येतंय. दोन वर्षं झाली.” मग तिनं दोन माउथपीसचंही सांगून टाकलं.

शेजारच्या शेडमध्ये पत्र्यावर हातोडा पडत होता. मास्तरांनी लेथच्या कडेच्या ट्रंपेटचा माउथपीस काढून हातात घेतला.

“भालकीचे चार गेले, तेबी बदललीस?”

“व्हय.”

“चिंताकीच्या पोराचा? त्यो पाया पडून गेल्ता माझ्या.”

“तेबी, मास्तर.”

“उदगीरचा?”

“त्योबी बदलला.”

“मग दोन वर्षं मी हितं बसून काय करायलो होतो?”

मास्तर गेले. सायकल हातात धरून, पायीच गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. मास्तरांना सांगून टाकलं म्हणून राजपाल तिच्याशी बोलेना. विमलबाईंकडे जायची तिची हिंमत होईना. आपण सुटलो की आणखी रुतलो, हेच तिला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता मास्तर आले आणि स्टुलावर बसले. अफजलपूरला जायचं एक वाद्य तयार होतं, जुन्या पद्धतीचं, ओठाला वाकणारं. ते त्यांनी स्वतःच उचललं आणि वरचा सा लावला. पंचशीला ‘पास’ची वाट बघत राहिली. ते तिच्याकडे बघत होते.

“सांग,” ते म्हणाले. “बराबर हाय का?”

लेथवरच्या दोघा कामगारांनी हात थांबवले.

“उतरलाय, मास्तर.”

त्यांनी ओठ आवळला. “आता?”

“आजून थोडा वर.”

“आता?”

“आता बराबर हाय.”

“मला तर घाण लागायलंय गं कानाला,” मास्तर म्हणाले आणि तोच सूर त्यांनी पुन्हा लावला.