पिवळ्या फियाटचं वर्ष

सकाळच्या स्नानापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत माझं मौन असतं. संपदाच्या जन्माआधीपासूनचा हा नेम. त्यामुळे हिंगोलीच्या आमच्या घरात सकाळचं बोलणं हातांनीच चालतं. तळहात पालथा करून खाली-वर हलवला की आच मंद कर. मूठ उघडली की अजून वाढ. दोन्ही हात जोडले की झालं, आता उठा. लेकीला ही भाषा अक्षरओळखीच्या आधी आली.

संपदा मोटारींची इंजिनिअर. वारंगा फाट्यावर प्रेमानंदचं गॅरेज आहे. त्या दोघांनी एक जुनी पिवळी फियाट उभी केली ती जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी. वर्षात चार शर्यती, चारही कोईमतूरला आणि सकाळच्या वेळी. नंबराप्रमाणे गुण मिळणार आणि शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला वर्षाची ढाल. संपदाला ती ढाल हवी होती. गल्लीत लोक विचारायचे, "ताई, ही फियाट कोईमतूरला जाणार म्हणता, पण वारंग्यापर्यंत तरी जाते का?" ती म्हणायची, "बसा, सोडते तुम्हाला."

आम्ही दोघंही सोबत गेलो. हे देवस्थानच्या कार्यालयात कारकून. त्यांनी कधी न घेतलेली रजा घेतली. मी गेले ते लेकीच्या डब्यासाठी.

पहिल्या शर्यतीत प्रेमानंद शर्यतीच्या रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीशी पाटी धरून उभा होता. या जुन्या गाड्यांना वायरलेस चालत नाही. काय सांगायचं ते पाटीवर लिहून दाखवायचं. पण तिथे सगळ्यांच्याच पाट्या. संपदा तिसरी आली आणि हेल्मेट काढता काढता म्हणाली, "पाटी-बिटी काही वाचता येत नाही रे. आईचा हात तेवढा लगेच कळतो."

"मंग काकूलाच उभं करू," प्रेमानंद म्हणाला. "ह्या आवाजात आमी वरडून तरी काय उपेग? त्यायचं मौन बराबर कामाला येते."

दुसऱ्या शर्यतीत मी भिंतीशी उभी राहिले आणि घोळ घातला. वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, संपदा अगदी त्यांच्या मागे. नागनाथाचं नाव मनात आलं आणि हात आपोआप जुळले. पुढच्या फेरीला पिवळी फियाट सरळ आमच्यापुढे येऊन थांबली.

"काय झालं? काय दिसलं तुला?" संपदा आतून ओरडली.

प्रेमानंदनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि कपाळ बडवलं. "काकू, तुमी देवाला हात जोडले अन् पोरगी घरी आली!"

ती शेवटची आली. रागावली मात्र नाही, उलट रात्री जेवताना हसत सुटली. तिसऱ्या शर्यतीत मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. खूण करायची तेव्हा एकच हात सोडला. ती दुसरी आली.

आता गाठ होती पुण्याच्या श्रेयसशी. त्याचा तंबू मोठा, माणसं पुष्कळ. त्यानं पहिली शर्यत जिंकली होती. पुढच्या दोन्हींत जोर लावून गाडी मधेच बंद पाडली होती, म्हणजे गुण शून्य. हिशेब सोपा होता. शेवटची शर्यत तो जिंकला तरी संपदा पहिल्या तिघांत आली की ढाल आमची. चौथी आली तर बरोबरी, आणि बरोबरीत ढाल जास्त शर्यती जिंकलेल्याची.

सुरुवातीला श्रेयस पुढे आणि त्याच्यामागे संपदा. अर्धी शर्यत झाली असेल, फियाटच्या बोनेटमधून पांढरी वाफ निघाली.

"रेडिएटरच्या जाळीला दगड लागला वाटते," प्रेमानंद म्हणाला. "पाणी गळून राहिलं. अशीच पळवली तं इंजिन बसते."

ह्यांनी माझा दंड धरला. "सुधा, हात जोड. येऊ दे तिला. ढाल गेली तर गेली."

माझे हात छातीपर्यंत आले होते. मी प्रेमानंदकडे पाहिलं, मग तिकडे पळणाऱ्या गाडीकडे बोट केलं. त्याला समजलं. "पोरीला धोका न्हाई, काकू. इंजिनालाच हाय. मंद ठेवली तं पोचंल."

मी हात सोडवून घेतला आणि तळहात पालथा केला. मंद. गाडी समोरून गेली आणि तिचा आवाज उतरलेला मला ऐकू आला. पुढच्या फेरीला संपदानं खिडकीशी तोच पालथा तळहात दाखवला: कळलं, आई.

एक गाडी तिला ओलांडून गेली. आता ती तिसरी. मागून एक हिरवी गाडी जवळ येत चालली.

"अगं, ती मागची गाठतेय!" हे म्हणाले.

मी हात तसाच ठेवला. फेरीमागून फेरी, मंद. हिरवी गाडी शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर अगदी शेजारी आली. समोर सरळ रस्ता होता आणि शर्यत संपायची रेघ होती. आता राखून काय उपयोग? मी हात उंच केला आणि मूठ उघडली.

वाढ.

फियाट अशी ओरडली की प्रेमानंदनं कान झाकले. अर्ध्या बोनेटनं संपदा पुढे निघाली, रेघ ओलांडली आणि पलीकडे पांढऱ्या ढगात गाडी थांबली. प्रेमानंद भिंतीवरून उडी टाकून धावला. हे जागच्या जागी टाळ्या वाजवत होते आणि मधेच उपरण्यानं डोळे पुसत होते.

नैवेद्य झाला, माझं मौन सुटलं. बक्षिसाच्या मांडवात श्रेयस भेटला. हसत होता, पण लागलेलं होतं त्याला. "काकू, मी दोन शर्यती जिंकल्या. हिनं एकही नाही, आणि ढाल हिला?"

"शर्यती तुझ्याच रे बाळा," मी म्हटलं. "वर्ष तिचं."

मग त्यानंच पुढे होऊन संपदासाठी वाट करून दिली.

निवेदकानं नाव पुकारलं, "संपदा, महाराष्ट्र!" तिनं ढाल काखेत धरली आणि त्याच्याकडून माईक मागून घेतला.

"महाराष्ट्र फार मोठा आहे हो," ती म्हणाली. "जिल्हा हिंगोली."

मागून प्रेमानंद ओरडला, "अन् वारंगा फाटा काहून इसरली?"

तिनं माईक पुन्हा तोंडाशी नेला आणि भर मांडवात, एकेक अक्षर सुटं करून, तेही सांगितलं.