मिस्त्रींचे कान आणि माझा तिसरा पिस्टन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. एका निळ्या, बुटक्या, जेमतेम दोन माणसे मावतील अशा स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली माझा मुक्काम असतो. मला चार सिलिंडर आहेत, आवाज भारदस्त आहे, आणि मी कमालीचा भित्रा आहे. हसू नका. माझी डरकाळी ऐकून लोक रस्त्यातून बाजूला होतात, पण त्यातली निम्मी डरकाळी भीतीची असते. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

ही भीती जन्मापासूनची आहे. धगधगते लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. माझ्या शेजारच्या साच्यातले भावंड थंड होता होता तडकले, तेव्हा कामगारांनी ते उचलले आणि पुन्हा भट्टीत टाकले. हे मी स्वतः पाहिले. तेव्हापासून माझ्या अंगात कुठे बारीकसे 'टिक्' झाले तरी मला वाटते, झाले, आपणही तडकलो.

पहिल्या मालकांनी मला दोन वर्षे मिरवले आणि पुढची आठ वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये विसरून गेले. उंदरांनी माझ्या हवेच्या नळीत संसार थाटला. त्या दिवसांबद्दल मी फारसे बोलत नाही. तिथून मला बाहेर काढले ते मिस्त्रींनी.

मिस्त्रींचे गॅरेज म्हणजे एक लांबट खोली, गाडीखाली उतरून काम करायला एक खड्डा, आणि भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले पाने. तिथे तिघेजण असत. स्वतः मिस्त्री, त्यांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, आणि मिस्त्रींची धाकटी बहीण, म्हणजे ताईची आत्या. ताई वेल्डिंग अशी करायची की जोड शोधून सापडू नये. आत्यांकडे टेलिफोन, सुट्या भागांचे कपाट आणि सगळ्यांच्या चुका काढणे ही तीन कामे होती, आणि तिसऱ्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

मिस्त्रींची ख्याती होती ती त्यांच्या कानांमुळे. त्यांच्याकडे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे टोक माझ्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते एवढेच म्हणायचे, "दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह जरा सैल आहे." उघडून पाहिले की नेमके तेच निघायचे. दुसरे गॅरेजवाले अडले की त्यांना सन्मानाने बोलावून न्यायचे. मला तर ती लोखंडी दांडी अंगाला लागली की बरे वाटायचे. आपली कुरकुर कोणीतरी ऐकते आहे, एवढे भित्र्याला पुरते.

वर्षातून एकदा डोंगरावरच्या रस्त्यावर चढणीची शर्यत असे. एकेक गाडी खालून सोडायची आणि वर पोचायला किती वेळ लागला ते मोजायचे. वळणे सव्वीस. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. ताई मला घेऊन जायची तेव्हा मी वर पोचेपर्यंत जीव मुठीत धरून असे. तीन वर्षे ओळीने आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर दातांच्या एका डॉक्टरांचा. त्यांची गाडी नवी होती, आणि बक्षीस घेताना ते सगळे दात दाखवून हसायचे. तिसऱ्या वर्षी आम्हांला फक्त तीन सेकंद जास्त लागले. गॅरेजात शिरताच ताई म्हणाली, "बाबा, आता ह्याची ताकद वाढवायची."

ताकद वाढवायची म्हणजे माझ्या सिलिंडरांत जास्त हवा आणि जास्त पेट्रोल कोंबायचे. कसे कोंबायचे यावर आठवडाभर गॅरेजात खल चालला आणि तो सगळा माझ्या डोक्यावर उभे राहून चालला.

"टर्बो बसवा," गाड्यांचे खास भाग विकणारे एक गृहस्थ म्हणाले. त्यांना सगळे टर्बोवालेच म्हणत. "इंजिनाचा धूर सायलेन्सरमधून फुकट जातो. त्या धुरावर पंखा फिरवायचा, तो हवा आत ढकलणार. सुरुवातीला काही कळत नाही, आणि मग पाठीत लाथ बसावी तशी गाडी सुटते."

"लाथ बसल्यावर गाडी सुटते की आतलं माणूस?" आत्यांनी विचारले.

मिस्त्री डोके हलवत म्हणाले, "त्यापेक्षा पट्ट्यावर चालणारा ब्लोअर बरा. इंजिन फिरेल तसा तोही फिरतो. ताकद थोडी कमी मिळते, पण सांगून येते. वळणात दगा देत नाही."

तिसरा मार्ग होता गॅसच्या बाटलीचा. बटण दाबायचे की दहा सेकंद अंगात राक्षस शिरणार. तो नुसता ऐकूनच माझे तेल पातळ झाले. आणि मग आत्या म्हणाल्या, "एवढं कशाला? सरळ मोठं इंजिन टाका. हे म्हातारं काढून ठेवा कोपऱ्यात."

मित्रांनो, माझी बोबडी वळली. ती शेड, ते उंदीर, ती आठ वर्षे डोळ्यांपुढे आली. काहीही कोंबा, पण मला काढू नका, असे मी मनातल्या मनात विनवू लागलो. म्हणून ताईने शेवटी टर्बो ठरवला तेव्हा मला चक्क हायसे वाटले. किती मूर्ख होतो मी!

टर्बो बसवून झाल्यावर टर्बोवाले म्हणाले, "ताई, एक ऐका. ठोके दाखवणारा काटा पण लावून घ्या. हवा जास्त झाली की पेट्रोल अवेळी पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. बाहेर नुसती बारीक टिकटिक येते. लक्ष नाही गेलं तर पिस्टनचे तुकडे."

ताई हसली. "काटा कशाला? आमच्याकडे बाबांचे कान आहेत."

मिस्त्री तिथेच उभे होते. त्यांचे हात स्वच्छ होते, तरी ते फडक्याने पुसत राहिले. माझ्या तोंडचे पाणी पळाले, कारण जगात फक्त आम्हां दोघांनाच ठाऊक होते की मिस्त्रींना ऐकू येत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझा एक व्हॉल्व्ह चांगला खडखडत होता. मिस्त्रींनी दांडी टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सगळं ठीक." मी चपापलो. पुढे पाहत गेलो तसे कळत गेले. ते आता उत्तर देण्याआधी ताईच्या चेहऱ्याकडे बघायचे. तिच्या कपाळावर आठी दिसली तर म्हणायचे, "उघडून बघू," आणि ती हसत असली तर म्हणायचे, "ठीक." माणसे समोरून बोलली की ओठांवरून त्यांना समजायचे. पाठीमागून हाक मारली तर ढिम्म. चाळीस वर्षे हातोड्यांच्या आणि इंजिनांच्या आवाजात घालवल्यावर कान जातील नाही तर काय? त्यात माझ्याही डरकाळीचा वाटा होता. याचे मला फार वाईट वाटते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी माझी परीक्षा होती. मागची चाके रोलरांवर चढवली, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधली. आता ती जागच्या जागी पळणार होती. ताई आत बसली. मिस्त्री बॉनेट उघडून माझ्यावर वाकले. आत्या दारात चहाचे कप घेऊन उभ्या राहिल्या.

ताईने पाय दाबला. टर्बोचा पंखा शीळ घालू लागला आणि बघता बघता छातीत वादळ शिरावे तशी हवा आत घुसली. आणि तिसऱ्या सिलिंडरात झाले, टिक्. मग पुन्हा, टिक् टिक्.

"बाबा, कसं आहे?" पाय काढून ताईने खिडकीतून डोके बाहेर काढले. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

मिस्त्रींनी तो चेहरा पाहिला. "ठीक," ते म्हणाले.

ताईने खाली उतरून हवेच्या दाबाचा स्क्रू एक फेरा आवळला आणि दुसऱ्यांदा पाय दाबला. आता ती टिकटिक राहिली नव्हती. कोणीतरी आतून माझ्या तिसऱ्या पिस्टनवर छिन्नी मारत होते. मी ओरडत होतो, पण टर्बोच्या शिळेत माझे ओरडणे कोण ऐकणार? मला ते सव्वीस वळणांचे चित्र दिसत होते. विसाव्या वळणावर पिस्टन फुटला तर गरम तेल मागच्या चाकांखाली सांडणार, आणि कठडा तर गुडघ्याएवढा. मी लोखंडाचा आहे, मला पुन्हा भट्टीत टाकतील. पण ताई?

"आता?"

"ठीक."

"मग अजून एक फेरा. उद्या डॉक्टरांचे दातच घशात घालायचे!" ताईने स्क्रू पुन्हा आवळला.

तिसऱ्या वेळी टर्बोची नळी थडथड हलू लागली. मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. हात अडकले म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, सगळेच कारागीर धरतात तशी. ते आणखी वाकले, आणि दांडीचे टोक माझ्या अंगाला टेकले.

मिस्त्री दचकले. कानांनी जे येत नव्हते ते दातांतून, जबड्याच्या हाडांतून सरळ डोक्यात शिरले. दोन वर्षांनी त्यांनी मला ऐकले. मी छिन्नीच्या ठोक्यांनी कण्हत होतो.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर थुंकून टाकला, आत हात घातला आणि माझ्या चारही सिलिंडरांना ठिणगी पुरवणारी मुख्य तार उपटून काढली. त्यांना जबरदस्त झटका बसला, पण मी बंद पडलो. गॅरेजात एकदम सामसूम झाली.

"काय झालं?" ताई ओरडली. "बाबा, चांगला खेचत होता की!"

मिस्त्री झिणझिणणारा हात छातीशी धरून उभे होते. मला वाटले, आता ते सांगतील की आत्ताच ठोका ऐकू आला. तेवढे सांगितले असते तरी भागले असते, त्यांची अब्रू राहिली असती. पण उद्या परवा ताई पुन्हा विचारणारच होती.

"मला ऐकू येत नाही, बाळा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. आधीच्या दोन्ही वेळा मी खोटं बोललो. हा पहिल्यापासून ठोके देत असणार."

ताई सावकाश गाडीतून उतरली. तिचा रंग उडाला होता. "मी उद्या ह्याला घेऊन वर चढणार होते, बाबा."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"कान गेले तर मिस्त्री कसला मी? आणि तू त्या माणसाला किती अभिमानानं सांगितलंस, आमच्याकडे बाबांचे कान आहेत म्हणून. मला तोंड उघडवेना. भीती वाटली."

ताई खड्ड्याच्या काठावर बसली आणि ढसाढसा रडू लागली. रागाने की भीतीने, मला कळले नाही. आत्यांनी चहाचे कप खाली ठेवले. "तरी म्हटलं," त्या म्हणाल्या, "पाठीमागून तीनतीनदा हाका मारल्या तरी हू नाही की चू नाही. मला वाटलं, दादा माजला." आणि त्याही डोळे पुसू लागल्या.

दुपारी ताईने माझा तिसरा स्पार्क प्लग काढला. त्याच्या टोकावर मिठाचे कण असावेत तसे चमचमते कण चिकटले होते. ते माझ्या पिस्टनचे होते. माझे डोके, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडल्यावर पिस्टनची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली दिसली. ताईने त्या खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवले. मग तिने तो पिस्टन मिस्त्रींच्या हातात दिला आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

त्या वर्षी आम्ही शर्यतीला गेलो नाही. टर्बो परत गेला. नवा पिस्टन आला, पट्ट्यावरचा साधा ब्लोअर आला, त्याचा दाब बेताचा ठेवला, आणि स्टिअरिंगशेजारी ठोके दाखवणारा काटा बसला. पुढच्या वर्षी आमचा नंबर पुन्हा दुसराच आला, पण या वेळी एकाच सेकंदाने. मिस्त्री आता एका कानात यंत्र घालतात, आणि बारीक काम असले की सगळ्यांदेखत स्क्रूड्रायव्हर दातांत धरून मला ऐकतात. "दातांच्या डॉक्टरांशी शर्यत लावायची तर दातच हवेत," असे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

मित्रांनो, आमचे तेल वेळेवर बदला, पाणी बघा, हे तुम्हांला कोणीही सांगेल. मी भित्रा आहे म्हणून आणखी थोडे मागतो. ज्याच्या भरवशावर तुम्ही जोरात निघता, त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक ठेवा. त्याचे फार कौतुक करून त्याचे तोंड बंद करू नका. आणि तुमच्यावर कोणी असा भरवसा ठेवला असेल, तर घाबरलात तरी खरे सांगा.

मी अजून घाबरतोच. पण हल्ली निघण्यापूर्वी ताई हेल्मेट काखेत धरून मिस्त्रींसमोर येते आणि विचारते, "बाबा, ऐकू आलं का नीट?"

कधी ते म्हणतात, "आलं." आणि कधी म्हणतात, "नाही आलं. पुन्हा सुरू कर." मग ताई हेल्मेट खाली ठेवते, पुन्हा किल्ली फिरवते आणि घाई न करता थांबते. तेवढा वेळ मला अजिबात भीती वाटत नाही.